तुरुंगात भेटीला जाताय? झडतीची तयारी घरूनच करा

भेटीच्या दिवशी दारावर घोटाळा होतो तो बहुधा क्षुल्लक वस्तूंमुळे. जॅकेटच्या आतल्या खिशातलं लायटर, पर्समधलं नखं कापायचं यंत्र, विसरलेला पेनड्राइव्ह. म्हणून आदल्या रात्रीच सुरुवात करा.

१. आधी फोन करा. तुमचं नाव मंजूर यादीत आहे ना, भेटीची वेळ तीच आहे ना, कोणतं ओळखपत्र चालतं, कोणते कपडे चालत नाहीत हे विचारून घ्या. नियम प्रत्येक तुरुंगात वेगळे असतात, त्यामुळे शेजाऱ्याचा अनुभव प्रमाण मानू नका. ओळखपत्र मूळच न्या. लहान मूल सोबत असेल तर त्याच्या जन्माचा दाखला आणि गरज पडल्यास पालकांचं संमतिपत्र लागू शकतं.

२. कपडे निवडून ठेवा. कैदी किंवा पहारेकरी घालतात त्या रंगाचे कपडे अनेक ठिकाणी चालत नाहीत. तोकडे, पारदर्शक, फाटक्या फॅशनचेही नाहीत. धातूची बटणं, जाड बक्कल, ब्राची तार, केसांतल्या पिना, बुटातली पोलादी पट्टी या सगळ्यांवर मेटल डिटेक्टर (धातू शोधणारं यंत्र) वाजू शकतो. सहज काढता येतील असे बूट घाला.

३. खिसे आणि पर्स पूर्ण उलटी करा. झटकून बघा, अस्तरही चाचपा. मोबाइल, स्मार्टवॉच, तंबाखू गाडीत किंवा लॉकरमध्ये राहू द्या; शक्यतो घरीच. चाकू मात्र घरीच ठेवा. गाडीचीही झडती होऊ शकते, हे लक्षात असू द्या.

४. हात साबणाने धुवा. हे ऐकून लोक हसतात, पण कारण आहे. काही तुरुंगांत आयन स्कॅनर असतो. हातावरून किंवा ओळखपत्रावरून कापडी पट्टी फिरवतात, यंत्र ती तापवतं आणि अमली पदार्थांचे अतिसूक्ष्म कणही ओळखतं. असे कण नोटांवर असू शकतात, दुसऱ्याच्या हातांवरून येऊ शकतात. काही औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांमुळेही खोटा इशारा मिळू शकतो. म्हणून धुतलेले कपडे घाला, ओळखपत्र पुसून घ्या, अत्तर-क्रीम टाळा आणि हात धुतल्यावर रोख पैसे हाताळू नका. इशारा आलाच तर वाद न घालता पुन्हा तपासणीची विनंती करा.

५. शरीरातलं किंवा अंगावरचं यंत्र आधी सांगा. पेसमेकर, इन्सुलिन पंप, सांध्यातला धातू, गर्भारपण: डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा, मशीनच्या दारातून जाण्यापूर्वी. औषधं लागतील तेवढीच, मूळ पाकिटात, तीही परवानगी विचारूनच.

६. अर्धा-पाऊण तास लवकर पोहोचा. रांग, नोंदवही, लॉकर यांत वेळ जातो. अमली पदार्थ हुंगून शोधणारा कुत्रा जवळून गेला तर हात न हलवता उभं राहा. त्याला गोंजारू नका. लहान मुलाला आधीच सांगून ठेवा. अंगझडती आपल्याच लिंगाच्या कर्मचाऱ्याकडून व्हावी, अशी मागणी शांतपणे करता येते. झडतीला नकार देता येतो, पण मग भेट बहुधा नाकारली जाते किंवा काचेपलीकडून होते.

कुणी 'एवढंच आत दे' म्हणून काही दिलं तर घेऊ नका, पाकीट कितीही साधं दिसो. पकडले गेल्यास गुन्हा तुमच्या नावावर लागतो.

आत सोडलंच नाही तर कारण विचारा, वेळ लिहून ठेवा, लेखी तक्रार कुठे करायची ते समजून घ्या. आणि तुम्ही दारापर्यंत आला होता हा निरोप आत पोहोचवायला सांगा. तो माणूस वाट पाहत बसलेला असतो.