बॉड रेट उतरवण्याआधी घड्याळाची चूक मोजा

गाळप हंगामात कोल्हापूर परिसरातील साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. नेमक्या अशा वेळी इंडिकेटरकडून (वजन दाखवणाऱ्या यंत्राकडून) संगणकाकडे येणाऱ्या आकड्यांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटू लागली, तर तंत्रज्ञ सर्वप्रथम बॉड रेट, म्हणजे दर सेकंदाला बिट पाठवण्याचा वेग, कमी करून पाहतो. हा उपाय कधी लागू पडतो, कधी अजिबात पडत नाही. कारण वेग कमी केल्याने काही दोष सौम्य होत असले, तरी दोन्ही टोकांच्या घड्याळांमधील (बिटची लांबी ठरवणाऱ्या अंतर्गत ठेक्यांमधील) टक्क्यांचा फरक आहे तसाच राहतो. शेतकऱ्याचे बिल ज्या आकड्यावर ठरते, तो अंदाजाने दुरुस्त करणे मला पटत नाही.

अशा असिंक्रोनस जोडणीत घड्याळाचा ठेका पोहोचवणारी वेगळी तार नसते. अक्षराच्या सुरुवातीच्या स्टार्ट बिटची पडती कड, म्हणजे व्होल्टेज खाली येण्याचा क्षण, दिसताच रिसीव्हर मोजणी नव्याने सुरू करतो आणि स्वतःच्या घड्याळाने प्रत्येक बिटचा मध्य गाठून तो वाचतो. त्यामुळे चूक एका अक्षरातून पुढच्या अक्षरात जात नाही. परंतु आठ डेटा बिट, पॅरिटी (चूक तपासणारा बिट) नाही व अक्षर संपवणारा एक स्टॉप बिट या मांडणीत स्टॉप बिटचा मध्य स्टार्टच्या कडेपासून साडेनऊ बिटांवर येतो आणि तोवर साचलेली चूक अर्ध्या बिटपेक्षा कमी असावी लागते. ०.५ भागिले ९.५ म्हणजे सुमारे ५.३ टक्के. अनेक रिसीव्हर बिटचे सोळा भाग करून कड शोधतात, त्यात एक सोळांश बिट खर्ची पडतो आणि मर्यादा ४.६ टक्क्यांवर उतरते. केबलमुळे बोथट होणाऱ्या कडांसाठी थोडे राखून मी प्रत्येक टोकाला २ टक्क्यांपर्यंतच चूक चालवून घेतो. या हिशेबात बॉड रेट कुठेच येत नाही: बिट ९६०० ला १०४ मायक्रोसेकंदांचा असो वा ३०० ला ३,३३३ मायक्रोसेकंदांचा, ६ टक्क्यांचा फरक दोन्हीकडे अक्षर बिघडवतो.

मग वेग उतरवल्यावर काम कधीकधी सुरू का होते? एक कारण भाजकाचे आहे. ८०५१ कुळातील मायक्रोकंट्रोलरला (यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपला) १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (घड्याळाचा ठेका देणारा स्फटिक) लावल्यास टायमरच्या नेहमीच्या मांडणीत ३१,२५० ला पूर्णांकाने भागून बॉड रेट मिळतो. ९६०० साठी सर्वांत जवळचा भाजक ३. त्यातून १०,४१७ मिळतात आणि चूक ८.५ टक्के होते. २४०० साठी मात्र १३ ने भागून २,४०४ मिळतात आणि चूक अवघी ०.१६ टक्के उरते. सहनशीलता वाढलेली नाही, भागाकार जुळला आहे. ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल वापरतात तो याचसाठी, कारण त्यातून २८,८०० येतात आणि ३ ने भागल्यावर नेमके ९६००. अगदी खालच्या टोकालाही अडचण आहेच: याच मांडणीत भाजक २५६ च्या पुढे जात नाही, त्यामुळे ११२.५ पेक्षा कमी वेग मिळत नाही आणि जुन्या टेलिटाइपच्या ११० शी जोडताना २.३ टक्के चूक पत्करावी लागते.

दुसरे कारण केबलचे. लांब केबलच्या कॅपॅसिटन्समुळे (विद्युतभार साठवण्याच्या गुणामुळे) कड चढायला लागणारा वेळ मायक्रोसेकंदांत ठरतो, टक्क्यांत नव्हे; बिट लांब केला की त्याचा वाटा घटतो. आरएस-२३२ या सिरियल जोडणीच्या जुन्या मानकाची केबल १५ मीटरच्या जुन्या मर्यादेपलीकडे काट्यापासून ऑफिसपर्यंत ओढली असेल, तर वेग कमी करणे तात्पुरते ठीक आहे, पण तिथे लांब अंतरासाठीचे आरएस-४८५ बसवणे योग्य.

मोजणीसाठी पाठवणाऱ्या यंत्रातून रोमन लिपीतील मोठे 'यू' हे अक्षर वरच्याच आठ डेटा बिट व एक स्टॉप बिटच्या मांडणीत सतत पाठवावे. त्याचे बिट एकाआड एक येत असल्याने अखंड चौकोनी लहर तयार होते आणि तिची फ्रिक्वेन्सी बॉड रेटच्या निम्मी असते. ९६०० ला मल्टिमीटरवर ४,८०० हर्ट्झ दिसले पाहिजेत. आकडा ४,७०४ ते ४,८९६ च्या बाहेर गेल्यास चूक २ टक्क्यांहून जास्त आहे. अक्षरांमध्ये खंड पडत असेल तर मीटर कमी आकडा दाखवतो, तेव्हा लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप घ्यावा. इंडिकेटर फक्त वजनच पाठवत असेल, तरी अडत नाही: याच मांडणीत ० ते ९ पैकी कोणत्याही अंकाच्या पहिल्या पडत्या कडेपासून शेवटच्या चढत्या कडेपर्यंत बरोबर नऊ बिट असतात, म्हणून ते अंतर नऊने भागावे. हे माप लेव्हल (व्होल्टेजची पातळी) बदलणाऱ्या चिपच्या आधी घ्यावे, कारण आरएस-२३२ च्या तारेवर पातळ्या उलट्या दिसतात.

चूक जास्त निघाली तर आधी घड्याळाचा स्रोत पाहावा. एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरमधील अंतर्गत ८ मेगाहर्ट्झ ऑसिलेटरची कारखान्यातून येतानाची अचूकता ±१० टक्के इतकीच दिलेली असते आणि तो तापमानानुसार सरकतो. शिरोलीतील एखाद्या फौंड्रीत भट्टीशेजारच्या पेटीत असे सर्किट असेल, तर सकाळी भट्टी थंड असताना आणि दुपारी ती तापल्यावर, असे दोन्ही वेळी मोजावे. दोन आकड्यांत फरक दिसला, तर बाहेरचा क्रिस्टल लावून पुन्हा दोन्ही वेळी मोजावे.