एचटीटीपी २ सुरू करायचंय? ओळ एकच, पण आधी आवृत्ती बघा

इंदूरच्या आमच्या गणेश मंडळाची वेबसाइट वर्षातले दहा दिवस जागी असते. फोटोंच्या पानावर शंभरावर छोटे फोटो, आणि राजवाड्याच्या गर्दीत मोबाइलवर उघडलं की ते एकेक करून टपकायचे. एचटीटीपी म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरने एकमेकांशी बोलायचे नियम. त्याच्या जुन्या १.१ आवृत्तीत ब्राउझर एका साइटशी साधारण सहाच जोडण्या उघडतो. प्रत्येक जोडणी म्हणजे एकेक पोहेवाला, हातातली प्लेट दिल्याशिवाय पुढची भरत नाही. २०१५ मध्ये आलेल्या एचटीटीपी २ मध्ये एकाच जोडणीवरून सगळ्या फाइली सोबत येतात.

तुमच्या पानावर पाच-पाच एमबीचे चारच फोटो असतील, तर हे राहू द्या, आधी फोटो लहान करा.

साइट एचटीटीपीएसवर (कुलूपबंद जोडणीवर) हवी, त्याशिवाय ब्राउझर एचटीटीपी २ वापरत नाहीत. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं.

आमची साइट एनजिनएक्स या वेबसर्व्हरवर चालते. तुमचीही तशीच असेल, तर त्याची आवृत्ती बघायला सर्व्हरवर 'एनजिनएक्स -व्ही' चालवा. मी इथेच अडकलो होतो. 'एचटीटीपी२ ऑन;' ही वेगळी ओळ १.२५.१ पासूनच चालते. सर्व्हरवर उबंटू ही प्रणाली असेल, तर २२.०४ सोबत १.१८ येतं, २४.०४ सोबत १.२४. या दोन्हींत जुनीच रीत: एनजिनएक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'लिसन ४४३ एसएसएल' या ओळीत अर्धविरामाच्या आधी 'एचटीटीपी२' लिहायचं. आयपीव्ही६ची (नव्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांची) वेगळी ओळ असेल तर तिथेही.

त्या फाइलची प्रत आधी काढून ठेवा. बदलानंतर 'सूडो एनजिनएक्स -टी' चालवून सेटिंग तपासा. मी एकदा हे टाळून थेट रीस्टार्ट केलं. अर्धविराम राहून गेला होता. ऐन आरतीच्या वेळी साइट बंद, आणि अध्यक्षकाका प्रसादाचं ताट घेऊन माझ्या डोक्याशी उभे, "काय रे, झालं का?" तपासणी ठीक आली की रीलोड करा, रीस्टार्ट नको. रीलोडमध्ये चूक निघाली तरी जुनी सेटिंग चालू राहते.

एनजिनएक्सऐवजी अपाची हा वेबसर्व्हर असेल तर काम वाढतं. त्याच्या प्रीफोर्क या जुन्या कार्यपद्धतीवर एचटीटीपी २ चालत नाही, त्यामुळे आधी इव्हेंट या कार्यपद्धतीकडे आणि पीएचपी वेगळं चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमकडे जावं लागतं.

खात्री करायला क्रोममध्ये एफ१२ दाबून 'नेटवर्क' उघडा, रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक करून 'प्रोटोकॉल' निवडा. तिथे 'एच२', म्हणजे एचटीटीपी २, दिसायला हवं.

सहा जोडण्यांची मर्यादा चुकवायला आम्ही पूर्वी फोटो वेगळ्या सबडोमेनवर (साइटच्याच नावापुढे जोडलेल्या वेगळ्या पत्त्यावर) ठेवले होते. आता ही युक्ती उलटी पडते, कारण दुसऱ्या नावासाठी बहुधा नवी जोडणी उघडावी लागते. ते फोटो मूळ पत्त्यावर परत आणा.