चूल वेगळी झाली, आता रेशनकार्ड वेगळं करताना

एकाच छपराखाली दोन चुली पेटल्या की जनगणनेच्या लेखी ती दोन कुटुंबं होतात, कारण तिथे कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. रेशनकार्ड मात्र आपोआप फुटत नाही.

आधी खरंच फोडायचं का, ते ठरवा. थोरला मुलगा कामासाठी पुण्याला राहत असेल, तर त्याचं नाव गावच्या कार्डावर राहू द्या. आधार जोडलेलं असेल तर तो आपल्या वाट्याचं धान्य पुण्यातल्या दुकानात अंगठा लावून उचलू शकतो; उरलेलं घरचे गावात घेतात.

कायमचं वेगळं व्हायचं असेल तर क्रम चुकवू नका. आधी जुन्या कार्डातून नावं कमी करायची, दाखला घ्यायचा, मग नव्या कार्डाचा अर्ज. अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत, मुंबईत शिधावाटप कार्यालयात. सोबत सगळ्यांची आधारकार्डं, राहण्याचा पुरावा आणि उत्पन्नाचा दाखला. अर्ज बहुतेक वेळा अडतो तो सुनेच्या नावावर: माहेरच्या कार्डावरून ते कमी केलेलंच नसतं आणि एकच आधार दोन कार्डांवर चालत नाही. माहेरचं नाव कमी केल्याचा दाखला लग्नानंतर लगेच आणून ठेवलेला बरा.

नव्या कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नवऱ्याचं नाव लिहू नका. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार धान्याच्या कार्डावर घरातली १८ वर्षं पूर्ण झालेली सर्वांत मोठी स्त्री प्रमुख असते.

आता हिशेब. प्राधान्य गटात, म्हणजे अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी धान्य मिळणाऱ्या कुटुंबांत, माणशी महिना ५ किलो. आठ जणांच्या कार्डावर ४० किलो येत असेल आणि चौघं बाहेर पडली, तर जुन्यावर २० उरतात. नव्या कार्डाचे २० मात्र लगेच सुरू होतीलच असं नाही. कार्ड मिळणं आणि धान्याच्या यादीत नाव लागणं या दोन वेगळ्या गोष्टी. त्यासाठी वार्षिक उत्पन्न गावात ४४ हजार, शहरात ५९ हजारांच्या आत हवं, शिवाय तालुक्याच्या इष्टांकात, म्हणजे धान्य मिळणाऱ्यांच्या ठरवून दिलेल्या संख्येत, जागा हवी. ती आहे का, हे नाव कमी करण्याआधीच विचारा. नंतर विचारणारे महिनोन्‌महिने खेटे घालतात.

अंत्योदयचं, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांच्या पिवळ्या कार्डाचं, गणित निराळं. तिथे कार्डामागे ३५ किलो, माणसं कितीही असोत. म्हणून फुटल्यावर जुन्या चुलीचं काही कमी होत नाही. बाहेर पडणाऱ्याला मात्र तो पिवळ्या कार्डाचा हक्क सोबत नेता येत नाही, त्याची पात्रता नव्याने तपासली जाते.