प्लगइनमुळे आवाज उशिरा येतोय? असा शोधा दोषी

संगणकावर रेकॉर्डिंग करताना हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा येऊ लागला की बहुतेक जण आधी बफर साइज कमी करतात, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचे जितके सॅम्पल (सूक्ष्म तुकडे) साठवून मग पुढे पाठवतो तो आकडा. बरोबरच आहे ते. पण बफर ६४ सॅम्पलवर आणूनही उशीर जात नसेल, तर गडबड बहुधा एखाद्या प्लगइनची, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरची आहे, आणि त्यावर नवा, वेगवान संगणक हा इलाज नाही.

लूकअहेड लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर जाऊ न देणारं प्लगइन) आवाज थोडा रोखून धरतो, कारण पुढे येणारं शिखर त्याला आधी पाहायचं असतं. लिनियर फेज ईक्यूलाही (आवाजातला खर्ज-तीव्र भाग कमी-जास्त करणारं एक प्रकारचं प्लगइन) आवाजाचा असाच साठा लागतो, आणि तो बराच मोठा असतो. डीएडब्ल्यू, म्हणजे रीपर किंवा लॉजिकसारखं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, मग बाकीचे ट्रॅक तेवढेच मागे थांबवून सगळं जुळवून घेतं. याला डिले कॉम्पेन्सेशन म्हणतात. म्हणून मिक्सिंग करताना काही जाणवत नाही. रेकॉर्डिंगला मात्र ही युक्ती चालत नाही. तुम्ही अजून गायलाच नाहीत तो सूर आधी कुठून ऐकवणार?

पहिलं काम म्हणजे आकडा पाहणं. रीपरमध्ये एफएक्स विंडोच्या तळाशी प्लगइनची लेटन्सी, म्हणजे त्याच्यामुळे होणारा उशीर, सॅम्पलमध्ये दिसते. एबलटन लाइव्हमध्ये डिव्हाइसच्या नावावर कर्सर नेला की स्टेटस बारमध्ये. सॅम्पलला सॅम्पल रेटने (सेकंदाला किती सॅम्पल, त्या आकड्याने) भागून १००० ने गुणा, म्हणजे मिलिसेकंद मिळतील. ४८००० हर्ट्झला २०४८ सॅम्पल म्हणजे जवळपास ४३ मिलिसेकंद. एवढ्या उशिरात ताल धरून गाणं अवघडच.

शोध मास्टर ट्रॅकपासून, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या ट्रॅकपासून, सुरू करा. सगळं तिथूनच जातं, आणि हौसेने लावून ठेवलेला लिमिटर बहुधा तिथेच असतो. इथे एक खोच आहे: नुसतं बायपास केल्याने (प्लगइनचा परिणाम बंद केल्याने) लेटन्सी जाईलच असं नाही. टायमिंग मध्येच उडी मारू नये म्हणून बरीच प्लगइन बायपासमध्येही तेवढाच उशीर ठेवतात. त्यामुळे प्लगइन पूर्ण निष्क्रिय करा किंवा काढून टाका.

एकेक हुडकायचा कंटाळा असेल तर लॉजिकमध्ये लो लेटन्सी मोड आहे आणि क्युबेसमध्ये कन्स्ट्रेन डिले कॉम्पेन्सेशन. दोन्ही ठरावीक मर्यादेपलीकडची प्लगइन तात्पुरती बाजूला ठेवतात. आवाजाचा पोत थोडा बदलेल. टेक होईपर्यंत चालवून घ्या.

जड प्लगइन असलेले जुने ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे प्लगइनच्या परिणामासकट तात्पुरते तयार ऑडिओ करून ठेवा. प्रोसेसर मोकळा होतो आणि बफर आणखी खाली नेता येतो. फक्त गायन किंवा गिटार रेकॉर्ड करायची असेल, तर इंटरफेसचं (माइक किंवा गिटार संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाचं) डायरेक्ट मॉनिटरिंग माझ्या मते सगळ्यात उत्तम. तुम्हाला ऐकू येणारा आवाज संगणकातून फिरून न येता थेट कानात येतो. त्या वेळी सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर दोन आवाज ऐकू येतील.

राहता राहिली खोटं बोलणारी प्लगइन. काही प्लगइन आपली लेटन्सी चुकीची कळवतात आणि मग मिक्सिंगमध्येही ट्रॅक घसरतो. शंका आली तर एकच क्लिक दोन ट्रॅकवर ठेवा, एकावर ते प्लगइन लावा, दोन्ही रेंडर करा (ऑडिओ फाइल बनवा) आणि वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, मोठा करून पाहा. प्लगइनवाली क्लिक जितके सॅम्पल मागे दिसेल, तितका ऋण ट्रॅक डिले त्या ट्रॅकला द्या, म्हणजे तो तेवढा आधी वाजेल.