पन्नाशीत धावायला लागलात? आधी पोटऱ्यांकडे बघा

उशिरा धावू लागलेल्यांचं दुखणं पहिल्या आठवड्यात क्वचितच येतं. ते गाठतं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. दम सहा-आठ आठवड्यांत सुधारतो. टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस, आणि नडगीचं हाड मात्र तयार व्हायला कित्येक महिने घेतात. छाती म्हणते 'चला अजून', आणि पोटरी धरते. म्हणून वेळापत्रक पोटरीच्या हिशेबानं आखायचं.

त्याआधी डॉक्टरांकडे जाऊन बीपी, साखर, ईसीजी करून घ्या आणि स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी) लागेल का ते विचारा. बीपीसाठी बीटा ब्लॉकर प्रकारची गोळी चालू असेल तर नाडी फारशी चढतच नाही, घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नका. नाडी जास्तीत जास्त किती चढेल हे सांगणारं '220 वजा वय' हे सूत्र तसंही दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं की वेग बरोबर. नवख्यांना हा वेग लाजिरवाणा वाटतो, वाटू द्या.

आठवड्यातून तीनच दिवस, एकाआड एक. पाच मिनिटं झपझप चालून मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, अशा आठ फेऱ्या. सलग तीस मिनिटांपर्यंत यायला दहा-बारा आठवडे द्या. दर चौथ्या आठवड्यात धावणं तिसऱ्या हिश्शानं कमी करा.

मधल्या दोन दिवशी जिना गाठा. पायरीच्या कडेवर चवडे, टाचा हवेत, हात कठड्याला. दोन्ही पायांवर टाचा वर उचला आणि एकाच पायावर, मनात तीन मोजत, टाच खाली न्या. पंधराचे तीन सेट गुडघा ताठ ठेवून. जमले की तेवढेच गुडघा किंचित वाकवून. वाकवल्यावर पोटरीचा आतला स्नायू कामाला लागतो, आणि धावताना मोठा भार त्याच्यावरच असतो. हा भाग बहुतेक जण गाळतात. शीर टाचेच्या हाडाला चिकटते नेमकं तिथंच दुखत असेल तर टाच पायरीखाली सोडू नका, सपाट जमिनीवर करा.

सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली पावलं कशी पडतात ते रोज बघा. कालच्यापेक्षा टाच जास्त आखडली असेल तर आज फक्त चालायचं. नडगीवर एका बोटानं दाखवता येईल असं दुखत असेल तर धावणं त्याच दिवशी थांबवा. हाडाला बारीक चीर असू शकते आणि ती सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही.

जेवणाचंही थोडं बघा. वाटीभर वरणात प्रथिनं जेमतेम पाच-सहा ग्रॅम, एका अंड्यात सहा. या वयात स्नायू भरून यायला एका जेवणात पंचवीस-तीस ग्रॅम हवीत. नुसत्या पोह्यांवर ते भागत नाही.

जानेवारीतली मुंबईची हाफ मॅरेथॉन डोळ्यासमोर असेल तर पेडर रोडचा चढ विसरू नका, तो पाय थकल्यावर येतो. पहाटे रिकाम्या उड्डाणपुलावर, दहा दिवसांतून एकदा, चार-पाच वेळा सावकाश चढा आणि उतरताना चाला. उतारावर धावलात तर मांड्या दोन दिवस जिना उतरू देत नाहीत.