ऑइल फर्नेस: रीसेट बटण एकदाच दाबा

अमेरिकेत मेन, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट या बाजूला जुनं घर घेतलंत तर बेसमेंटमध्ये बऱ्याचदा ऑइल फर्नेस, म्हणजे तेल जाळून घर गरम करणारी भट्टी, आणि शेजारी तेलाची 275 गॅलनची टाकी असते. घर गार पडलं की आधी थर्मोस्टॅट, ब्रेकर आणि फर्नेसचं लाल प्लेटवालं इमर्जन्सी स्विच बघा, ते बऱ्याचदा बेसमेंटच्या जिन्याजवळ असतं आणि कोणीतरी लाइट समजून बंद केलेलं असतं. मग टाकीचा गेज बघा.

एवढं ठीक असेल तरच बर्नरवरचं लाल रीसेट बटण एकदा दाबा. फक्त एकदाच हां! परत परत दाबलं की दर वेळी न जळलेलं तेल आत साठत जातं आणि नंतर पेटलं तर भडका उडून घरभर काजळी होते, त्यामुळे चालू नाही झालं तर सरळ टेक्निशियनला बोलवा.

टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका, तळाचा गाळ लाइनमध्ये येतो. नॉझल, ऑइल फिल्टर, चिमणी हे वर्षातून एकदा थंडीआधी टेक्निशियनकडूनच करून घ्या, एअर फिल्टर मात्र स्वतः बदलता येतो. आणि झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइड अलार्म पाहिजेच, त्या वायूला वास नसतो, अलार्म वाजला तर सगळ्यांना घेऊन आधी बाहेर पडा, मग 911 ला फोन करा.