दाढ काढताना कानात गाणं: तयारी कशी करावी

माझ्या मावशीची खालची अक्कलदाढ आडवी उगवली होती. हिरडी कापून, दाढेचे तुकडे करून ती काढायची होती. भुलीचं इंजेक्शन मिळणार हे तिला माहीत होतं, तरी कोथरूडहून रिक्षाने जाताना ती एकच विचारत होती, "तो मशीनचा आवाज किती वेळ येईल रे?" अनेकांची भीती दुखण्याइतकीच त्या आवाजाची असते आणि तिथेच गाणं कामी येतं. मात्र थोडी तयारी लागते.

आधी डॉक्टरांना विचारा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. इयरफोन कुठल्या कानात ठेवू, हेही विचारून घ्या. मोठे हेडफोन नकोत, डोकं वळवताना ते अडतात. तोंड मोठं उघडलं की जबड्याच्या हालचालीने कानातली बोंडं सैल होतात, म्हणून घरी आरशासमोर आ करून ती टिकतात का ते बघा.

गाणी पेशंटने स्वतः निवडायची. मी मावशीसाठी बासरीचे संथ आलाप काढून ठेवले होते, तिने ते बाजूला सारले. दर डिसेंबरला न चुकता पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला जाणारी बाई ती, तिला ओळखीचा ख्याल आणि तिच्या मंडळातली भजनं हवी होती. तिचं बरोबर होतं. पुढे काय येणार हे माहीत असलेलं गाणं मनाला धरून ठेवतं. लय साधारण मिनिटाला 60 ते 80 मात्रांची, म्हणजे ठोक्यांची, असावी. तासाभराची यादी फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. ऐन इंजेक्शनच्या वेळी मध्येच जाहिरात लागली, तर माणूस दचकतो.

आवाज फार मोठा ठेवून उपयोग नाही. ड्रिलचा आवाज हवेतून येतो तसा जबड्याच्या हाडातूनही थेट आतल्या कानापर्यंत पोहोचतो, तो पूर्ण झाकला जात नाही. शिवाय डॉक्टरांचं बोलणं ऐकू यायला हवं. म्हणून आवाज मध्यम ठेवा आणि एक कान मोकळा.

मग करायचं काय? ताल धरायचा. मावशीचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर होता, अंगठा बोटांच्या पेरांवरून तीनतालाच्या सोळा मात्रा मोजत होता. नवव्या मात्रेला, म्हणजे टाळी नसलेल्या 'खाली'ला, तळवा हलकेच उघडायचा. ड्रिल सुरू झालं तेव्हा बोटं क्षणभर थांबली, मग समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पुन्हा सुरू झाली. चार मात्रा नाकाने श्वास आत, चार मात्रा बाहेर. ताल येत नसेल तर नुसते चार-चार आकडे मोजा. माझ्या मते नुसतं ऐकण्यापेक्षा हे मोजणंच जास्त आधार देतं, कारण मनाला काम मिळतं.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतले दंतवैद्य वॉलेस गार्डनर आणि शास्त्रज्ञ लिकलायडर यांनी 1960 साली 'सायन्स' या नियतकालिकात यावर लिहिलं होतं. त्यांच्या पेशंटच्या कानाला हेडफोन असत आणि आवाज कमी-जास्त करायची कळ पेशंटच्याच हातात. त्यातली ही कळ मला सगळ्यात मोलाची वाटते. खुर्चीत आडवं पडलं की आपल्या हातात काहीच उरत नाही, असं वाटतं. म्हणून फोन किंवा इयरफोनचं बटण पेशंटच्या हातातच द्या.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. गाणं भुलीची जागा घेत नाही. दुखलं तर सहन करत पडून राहू नका. 'डावा हात वर केला की थांबायचं' ही खूण डॉक्टरांशी आधीच ठरवा. दाढेला पू झाला असेल, सूज असेल तर भूल नीट चढत नाही, अशा वेळी बोलायलाच हवं. रक्तदाब, हृदयविकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांबद्दलही आधी सांगा.

दाढ निघाल्यावर इयरफोन लगेच काढू नका, टाके घालून होईपर्यंत गाणं चालू द्या. नंतर कापसाचा बोळा डॉक्टर सांगतील तेवढा वेळ, बहुधा अर्धा ते पाऊण तास, दाताखाली दाबून धरायचा असतो. त्या वेळात बोलायचं नाही, थुंकायचं नाही. मावशीने घरी येऊन अर्ध्या तासाचा एक ख्याल लावला आणि तो संपल्यावरच बोळा काढला.